शितपबाईंची भीतीची वही

शितपबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या खुर्चीवर उभ्या होत्या. रत्नागिरीच्या अध्यापिका विद्यालयात मी रुजू झाले तो दिवस. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शिक्षक-खोलीचं दार ढकललं तर चाळिशीच्या एक किरकोळ अंगाच्या बाई, पदर कमरेला खोचलेला, लाकडी खुर्चीवर उभ्या राहून माझ्याकडं बघत होत्या.

"आत या, पण भिंतीच्या कडेनं या. कपाटामागं पाल आहे. मला भीती वाटते हो."

मी घाटावरची, साताऱ्याकडची. आमच्याकडं मास्तरीणबाईनं भीती वाटते असं उघड कबूल करायचं नसतं. मी नवी, त्या माझ्याहून वरिष्ठ, आणि पहिलंच वाक्य हे. मी पाल हुसकली. त्या खाली उतरल्या, खुर्ची पदरानं पुसली आणि म्हणाल्या, "मी शितप. कार्यानुभव आणि इतिहास शिकवते. तुम्ही मोहितेबाई ना? बरं झालं आलात. पालीला न भिणारं इथं कुणी नव्हतं."

पुढं कळलं की पाल हा त्यातला अगदीच लहान भाग. विजेला भ्यायच्या, कुत्र्याला भ्यायच्या. खाडी ओलांडताना तरीवर बसल्या की उतरेपर्यंत माझं मनगट सोडायच्या नाहीत. पाण्याची भीती तर इतकी की मांडवीच्या धक्क्यावर आम्ही फिरायला गेलो तरी त्या मधोमध चालायच्या. त्यांचे यजमान मुंबईला गिरणीत होते, गिरण्या बंद पडल्यावर गावी येऊन शेती बघत होते. ते एकदा मला हसत म्हणाले, "ही भियाली की सांगते, एवढंच. बाकीचे सांगत नाहीत."

अशा बाईंनी 'गडावरची रात्र' सुरू केली होती, हे मला आधी खरंच वाटेना.

शहराच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी एक पडका किल्ला आहे. नाव सांगत नाही, कारण पुढं तिथं जे घडलं त्याला त्या गावाचा काही दोष नाही. दर जानेवारीत विद्यालयाच्या मुली एक दिवस आणि एक रात्र त्या किल्ल्यावर राहायच्या, तीनशे वर्षांपूर्वी शिबंदीतल्या बायका राहायच्या तशा. तलवारी, पोवाडे, घोड्यावरची सोंगं यांत बाईंना रस नव्हता. "लढाई वर्षातून एखादी व्हायची," त्या म्हणायच्या. "बाकीचे दिवस गडावर कोण जगलं? दळण कोणी दळलं? ते मुलींनी करून बघू दे."

मात्र करायचं ते काटेकोर. सामान त्याच काळातलं हवं. चहा बंद, बटाटा बंद, आगपेटी बंद. साडीला सेफ्टी पिन दिसली की त्या स्वतः काढून घ्यायच्या आणि गाठ मारायला शिकवायच्या. स्टीलचा डबा, प्लॅस्टिकची बाटली, रबरी चप्पल, सगळं विद्यालयाच्या फाटकाशी अडवलं जायचं. पाण्याला तांब्याची कळशी, पांघरायला धनगराकडची घोंगडी, अवकाळी पावसाचा भरवसा नाही म्हणून पानांची इरली, उजेडाला उंडीच्या तेलाच्या पणत्या आणि सुक्या झावळ्या बांधून केलेल्या चुडी.

आणि हे सामान ठरवायची त्यांची तऱ्हा मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. त्यांच्याजवळ एक लांबट वही होती. पानाच्या मधोमध उभी रेघ. डाव्या बाजूला 'भीती', उजव्या बाजूला 'सामान'. थंडी, समोर घोंगडी. फुरसं, समोर चूड आणि काठी. पाऊस, समोर इरलं.

"पुस्तकात बायकांचं सामान लिहिलेलं नसतं," त्यांनी मला समजावलं. "मग मी विचार करते, त्या कशाला भ्यायच्या असतील? ते कळलं की सामान कळतं. आणि भ्यायचं कसं ते मला शिकवायला नको."

दर रविवारी त्या एखाद्या गावी जायच्या, म्हाताऱ्या बायकांजवळ बसायच्या आणि विचारायच्या, तुमची आजी कशाला भ्यायची? मीही दोनतीनदा गेले. हातखंब्याच्या पलीकडच्या एका वाडीत नव्वदीची एक आजी होती. वाघ, भुतं, दरोडेखोर असलं काही सांगेल म्हणून मी कान टवकारले. ती म्हणाली, "विस्तव विझंल म्हणून भ्यायची. विस्तव विझला तर सासू शेजारणीकडं मागायला लावायची, आणि शेजारीण बोलायची." बाईंनी लगेच वही काढली. डावीकडं 'विस्तव विझणे', उजवीकडं 'मडकं, राख, शेणी'. त्या वर्षीपासून मुली मडक्यात राखेखाली धुमसती शेणी ठेवून गडावर न्यायच्या आणि दर तासाला कुणीतरी फुंकर घालायची.

राहुटीसाठी कापड हवं होतं. बाजारातली ताडपत्री त्यांनी हातात धरून परत केली. मग आम्ही राजिवड्याला हसनचाचांकडं गेलो. चाचा म्हणजे शिडं शिवणारा म्हातारा माणूस. होड्यांना इंजिनं आल्यापासून शिडं कोणी मागत नव्हतं. ओटीवर बसून ते जाळी दुरुस्त करत होते. बाईंनी काय हवं ते सांगितलं.

"पोरींना घेऊन रात्री डोंगरावर जाणार?" चाचा म्हणाले. "भ्या नाय वाटत, बाय?"

"वाटते ना. म्हणून तर तुमच्याकडं आले."

चाचा हसले. आतून जुन्या शिडाचं जाड कापड आणलं आणि पंधरा दिवस खपून हातानं राहुटी शिवून दिली. द्यायच्या दिवशी शिवण आमच्यापुढं ताणून दाखवत म्हणाले, "कापड कधी मधून फाटत नाय. शिवणीत उसवतं. म्हणून मी दोनदा शिवलंय. वाऱ्यानं काय होणार नाय."

पहिल्या वर्षी मी बरोबर गेले तेव्हा सगळं नीट पार पडलं. तरी ती रात्र मला आठवते ती भीतीनंच. खाली खाडीचं पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. झाडीत काहीतरी खसफसलं की चौदा मुली एकमेकींना चिकटायच्या. दोघीदोघींचा पहारा होता, पण बाई झोपल्याच नाहीत. दर थोड्या वेळानं त्या राहुटीत येऊन प्रत्येकीच्या पायाला हात लावून मोजायच्या. मोजताना पुटपुटत. चौदा झाल्या की बाहेर जायच्या. पहाटे मी विचारलं तर म्हणाल्या, "अंधारात मला नेहमी तेराच वाटतात."

पुढच्या वर्षीची गोष्ट. मुली त्याही वर्षी चौदाच. निघायच्या सकाळी फाटकाशी सामानाची तपासणी चालली होती. आमचा शिपाई गणपत दोन वस्तू घेऊन आला. एक मोठी बॅटरी आणि नायलॉनच्या दोराचं वेटोळं.

"बाई, हे राहू दे. होडीवाल्याकडनं मागून आणलंय."

"गणपत, तीनशे वर्षांपूर्वी नायलॉन होतं का?"

"नव्हतं. पण माणसं तेव्हा पण पडायचीच की."

मुली हसल्या. बाईही हसल्या. वही उघडून त्यांनी दाखवलं. डावीकडं 'पाण्याचं टाकं' लिहिलं होतं, उजवीकडं 'सुंभाचा दोर'. काथ्याचा तो दोर त्यांनी त्यांच्या गावाहून वळून आणला होता. गणपतनं बॅटरी आणि दोर परत नेले. मी शेजारीच उभी होते. काही बोलले नाही.

गडावर पोचायला उशीर झाला. एसटी वाटेत बंद पडली होती. राहुटी उभी करेपर्यंत सूर्य खाडीत उतरला. पाणी भरायचं राहिलं होतं. गडाच्या मागच्या अंगाला जांभ्यात खोदलेलं एक चौकोनी टाकं आहे. एका बाजूनं पायऱ्या उतरतात, पण खालच्या पायऱ्या ढासळलेल्या. सुरेखा नावाची मुलगी कळशी घेऊन गेली, आणि तिची मैत्रीण पणती घेऊन. वाऱ्यानं पणती विझली. शेवटची पायरी आहे असं समजून सुरेखानं पाय टाकला, आणि तिथं पायरी नव्हती.

तो आवाज मी राहुटीपाशी ऐकला. आधी कळशीचा, मग पाण्याचा, मग मैत्रिणीचा. सुरेखाचा आवाज आलाच नाही.

आम्ही धावलो. चुडी पेटवून खाली धरल्या. दोन पुरुष खोलीवर काळं पाणी, आणि त्यात भिंतीला चिकटून उभी सुरेखा. पाण्याखाली तिला एक कंगोरा सापडला होता. पाणी छातीपर्यंत. डावा हात कोपरापासून भलत्याच बाजूला वळलेला. डोळे उघडे, तोंड उघडं, पण शब्द नाही. दोर खाली सोडला तर तो तिच्या तोंडासमोर लोंबत राहिला. ती त्याच्याकडं बघेसुद्धा ना.

"ती बांधणार नाही," बाई म्हणाल्या. "कुणीतरी उतरायला हवं." आणि मग, "मी हलकी आहे."

"बाई, तुम्हाला पोहता येत नाही," मी म्हणाले.

"तुम्हाला येतं?"

मला येत नव्हतं. चौदांतल्या कुणालाच येत नव्हतं.

टाक्याच्या काठाला उंबराचं झाड होतं. दोराचा वेढा बुंध्याला घेतला, मुलींनी मागून धरला, दुसरं टोक बाईंनी कमरेला बांधलं. काठावर बसून त्यांनी पाय खाली सोडले. चुडीच्या उजेडात मी त्यांचा चेहरा पाहिला. तसा पांढरा चेहरा मी नंतर कधी पाहिला नाही. उतरताना त्या बोलत होत्या.

"सुरेखा, मी येतेय गो. मला खूप भीती वाटतेय. माझे हात कापतायत, बघ. खाली पाणी आहे ना, त्याची मला फार भीती. तुला पण वाटतेय ना? सांग गो. तुला पण वाटतेय ना?"

आणि खालून इतक्या वेळानं पहिल्यांदा सुरेखाचा आवाज आला. "हो बाई."

"हां. मग दोघी मिळून भिऊया."

पाण्यात उतरल्यावर त्यांनी स्वतःच्या कमरेचा दोर सोडला. गळ्यापर्यंतच्या पाण्यात, त्याच कंगोऱ्यावर भिंतीला टेकून त्यांनी तो सुरेखाच्या काखेखालून बांधला. पदर फाडून तिचा मोडका हात छातीशी आवळला. "ओढा," म्हणाल्या. आम्ही ओढलं. सुरेखा दर वितीला किंचाळत होती. ती काठावर आली, मुलींनी तिला घोंगडीत घेतलं, आणि मी दोर सोडवून पुन्हा खाली सोडायला घेतला.

तेव्हा हाताला लागलं. जांभ्याची कड कानशीसारखी खरखरीत. दोर तिच्यावरून घासून आला होता. तीन पदरांतला एक तुटून त्याचे केस उभे राहिले होते आणि दुसरा अर्धा झिजला होता.

खाली बाई एकट्या होत्या. कंगोऱ्यावर उभ्या, हातात धरायला काही नाही. त्यांचे दात वाजत होते ते वरपर्यंत ऐकू येत होते.

"मोहितेबाई, दोर कसा आहे?"

"चांगला आहे," मी म्हणाले.

"तुमचा आवाज फिरला," त्या म्हणाल्या. "खरं सांग गो."

त्या मला कायम अहोजाहो करायच्या. त्या क्षणापुरतं ते सुटलं.

"एक पदर तुटलाय. दुसरा जाईल."

चुडी भराभर जळत होत्या आणि मुली एकेक करून रडायला लागल्या होत्या. मला वाटलं, आता बाईंचा पाय सुटेल आणि आपण इथं चुडी धरून बघत राहू.

मग खालून आवाज आला, कापरा पण सरळ. "राहुटी उतरवा. कापड फाडू नका, उभा पीळ घाला. काठावर घोंगड्यांची घडी टाका, चारपाच तरी."

राहुटी आम्ही कशी उतरवली ते मला आठवत नाही. शिडाच्या कापडाला पीळ घालून दर हाताला गाठ मारली, उंबराला बांधलं आणि घोंगड्यांवरून खाली सोडलं. टोक कसंबसं त्यांच्यापर्यंत पोचलं. ते त्यांनी काखेखालून बांधलं, हातांनी गाठी धरल्या, पाय भिंतीला लावले. आम्ही मागं सरत सरत ओढत होतो आणि माझ्या डोळ्यांपुढं नुसती ती शिवण होती. ओढताना ती करकरली. उसवली नाही.

वर आल्यावर बाई गुडघ्यांवर बसून ओकल्या. मग रांगतच सुरेखापाशी गेल्या आणि तिच्या पावलाला हात लावला. त्यानंतर बाकीच्या मुलींच्या पावलांना. चौदा झाल्यावर म्हणाल्या, "चला खाली."

उरलेल्या चुडींच्या उजेडात, सुरेखाला घोंगडीच्या झोळीत घालून, आम्ही गड उतरलो. खालच्या गावातली माणसं जागी झाली, टेम्पो मिळायला पहाट झाली. तोवर कोपर सुजून फुगलं होतं. पुढं हाड जुळलं, पण हात कायमचा थोडा वाकडा राहिला.

विद्यालयात बाईंचा जयजयकार झाला. प्राचार्यांनी प्रार्थनेच्या वेळी कौतुक केलं. दुपारी मात्र त्या प्राचार्यांच्या टेबलावर अहवाल ठेवून आल्या. मीही तेव्हा खोलीत होते. प्राचार्यांनी वाचला आणि चष्मा काढला.

"बाई, बॅटरी आणि दोर परत पाठवला, हे लिहायची काय गरज? मुलगी पडली, तुम्ही जीव धोक्यात घालून काढली. एवढं पुरे."

"बॅटरी असती तर पायरी दिसली असती, सर."

"पण हे कुणी विचारत नाहीये."

"विचारणार आहेत," बाई म्हणाल्या.

चौथ्या दिवशी सुरेखाचे वडील आले. आतल्या गावचे शेतकरी, टोपी हातात घेतलेली. प्राचार्य, बाई आणि मी. प्राचार्य बोलायला लागले तसे ते त्यांना थांबवून बाईंकडं वळले.

"पोरीनं सांगितलं, तुम्ही उतरलात. ते मी विसरणार नाय. पण एक सांगा. बॅटरी का नाय नेलीत?"

"आणली होती शिपायानं. मी परत पाठवली."

"का?"

"तीनशे वर्षांपूर्वी नव्हती, म्हणून."

ते वाक्य वर्गात किती वेळा ऐकलं होतं मी. त्या खोलीत, त्या माणसासमोर ते ऐकवेना. सुरेखाच्या वडिलांनी बाईंकडं पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं. त्यांना नुसतं कळत नव्हतं.

"माझी पोर आजची हाय, बाई," ते म्हणाले. टोपी घातली आणि गेले.

बाई तिथंच बसून राहिल्या. मी पाण्याचा पेला पुढं केला, तो घेतला नाही.

गडावरची रात्र बंद झाली. कुणी बंद केली नाही, बाईंनीच पुन्हा नाव काढलं नाही. घोंगड्या वसतिगृहाला दिल्या. कापड हसनचाचांकडं स्वतः नेऊन पोचवलं. वही मला परत कधी दिसली नाही. सुरेखा वर्ष पुरं करून शिक्षिका झाली, फळ्यावर उजव्या हातानं लिहायची, त्यामुळं नोकरीत अडलं नाही. तिचं पत्र आलं की बाई ते दोनदा वाचून पिशवीत ठेवायच्या.

पण मला जास्त धास्ती वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची. त्या दिवसानंतर बाईंनी भीती वाटते म्हणणं सोडलं. वीज कडाडली तरी खिडकीशी तशाच बसायच्या. तरीवर माझं मनगट धरेनात. एकदा शिक्षक-खोलीत त्यांच्या पायाशी पाल पडली, तर त्यांनी पाय नुसता बाजूला घेतला. मी म्हणाले, "बाई, ओरडा तरी." त्या माझ्याकडं बघून हसल्या आणि वह्या तपासायला लागल्या. मग माझी बदली झाली आणि मी घाटावर परत गेले.

तीनचार वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी रत्नागिरीला आले. काम संपल्यावर एक दिवस हाताशी होता. बाई सुट्टीत गावी असतील म्हणून एसटी धरली. घरी यजमान अंगणात सुपारी सोलत होते. म्हणाले, "ती तळीवर गेलीय. जा बघा. मी काय सांगत नाय."

तळी देवळामागं होती. मे महिन्याचं हिरवट पाणी, काठाला वाडीतली पोरं बसून खिदळत होती. पाण्यात दोघीजणी होत्या. एक वाडीतली तरुण सून, माहेर समुद्रकाठचं असावं, पाण्यात ती घरातल्यासारखी वावरत होती. दुसऱ्या शितपबाई. काष्टा मारलेला, केस कपाळाला चिकटलेले, आणि तरंगायला म्हणून पाठीला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा सुतळीनं बांधलेला. सुनेनं त्यांच्या पोटाखाली हात धरला होता आणि त्या हातपाय मारत होत्या. वय पन्नाशीला आलेलं. नाकातोंडात पाणी जात होतं, त्या ठसकत होत्या, थांबत होत्या, पुन्हा मारत होत्या.

मी हाक मारणार होते. पण त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. सुनेनं काहीतरी विचारलं, ते मला ऐकू आलं नाही. बाईंनी तळीच्या पलीकडच्या काठाकडं पाहिलं. तो काही फार लांब नव्हता. मग त्यांनी डोळे मिटले.

"आता सोड," त्या म्हणाल्या.

सुनेनं हात काढून घेतला.